विटांच्या भिंतीतील झिजलेल्या दरजा नव्याने कशा भराव्यात

भिंतीजवळ उभे राहून दोन विटांमधल्या दरजेवर किल्लीचे टोक हलक्या हाताने ओढून पाहावे. दरजेतला माल, म्हणजे विटा जोडणारे चुना-वाळूचे किंवा सिमेंट-वाळूचे मिश्रण, धड असेल तर त्यावर फक्त पांढरट रेघ उमटते. तो खराब झालेला असेल तर वाळूचे कण सुटून खाली ओघळतात आणि टोक फारसा जोर न लावता आत शिरते. माल विटेच्या तोंडापासून ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेला असेल, त्यात चिरा पडल्या असतील, किंवा माल आणि वीट यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसत असेल, तर ती दरज कोरून नव्याने भरण्याची वेळ आली आहे असे समजावे. अशी परीक्षा भिंतीच्या प्रत्येक भागात करावी आणि खराब जागांवर खडूने खुणा कराव्यात, कारण सबंध भिंत सारखीच झिजली आहे असे क्वचितच आढळते. जिथे जुना माल घट्ट आहे तिथे छिन्नी लावूच नये. केवळ सगळी भिंत एकसारखी दिसावी म्हणून चांगल्या दरजा कोरून काढणे म्हणजे शाबूत विटांच्या कडा विनाकारण धोक्यात घालणे आहे.

दरज झिजते ती कशासाठी

भिंतीत शिरलेले पावसाचे किंवा जमिनीतून चढलेले पाणी कोणत्या ना कोणत्या वाटेने बाहेर पडणारच. दरजेतला माल विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असेल तर ही ओल दरजेतून बाहेर पडते, तिच्याबरोबर आलेले क्षार दरजेतच साठतात आणि झीज होते ती मालाची. वीट मात्र शाबूत राहते. माल पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा भाजता येत नाही, आणि म्हणूनच नवा माल विटेपेक्षा मऊ असला पाहिजे, हा या कामातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

हा नियम मोडल्यावर काय होते ते मी एका जुन्या कुंपणभिंतीवर जवळून पाहिले आहे. मऊ भाजणीच्या विटांची ती भिंत मुळात चुन्यात बांधलेली होती आणि पुढे कधीतरी तिच्या दरजा कडक सिमेंटने भरल्या होत्या. मी पाहिली तेव्हा विटा झिजून बोटाच्या पेराएवढ्या आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जाळीसारख्या पुढे आलेल्या होत्या. विटेवरून बोट फिरवले की लाल भुकटी हाताला लागत होती, तर सिमेंटची कड इतकी टणक होती की तिने बोट कापले असते. ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नव्हती म्हणून ती विटेतून निघत होती, आणि विटेच्या तोंडाशी साचलेले क्षार स्फटिक बनून तिचे पापुद्रे उडवत होते. अशा भिंतीतले सिमेंट काढायला गेले तर ते विटेचा तुकडा घेऊनच निघते, त्यामुळे ही चूक नंतर सुधारणेही कठीण असते.

दरजेआधी पाण्याचा बंदोबस्त

दरजा झिजण्याचे कारण कायम ठेवून नुसता माल भरला, तर काही वर्षांत तेच काम पुन्हा करावे लागते. म्हणून छतावरची पन्हळ फुटली आहे का, पाण्याचा पाइप भिंतीवर गळतो आहे का, भिंतीच्या माथ्यावरचे आच्छादन निघाले आहे का, आणि पायाजवळच्या जमिनीचा उतार भिंतीकडे आहे का, हे आधी पाहून ते दोष दूर करावेत. भिंतीच्या खालच्या भागात आडव्या पट्ट्यात लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलेला असेल तर ओल जमिनीतून चढते आहे, आणि एखाद्या उभ्या पट्ट्यातच दरजा धुऊन निघाल्या असतील तर वर कुठेतरी गळती आहे. कोरडा लोणा पाण्याने न धुता ब्रशने झाडून काढावा, कारण पाणी मारले की तो विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतो. भिंतीत रुजलेले रोप ओढून काढले तर विटा हलतात आणि मूळ आतच राहते. ते बुंध्याशी कापून, मूळ पूर्ण मेल्यावरच दरज उकलून बाहेर काढावे.

भेगांकडेही नीट पाहिले पाहिजे. दरजेदरजेने पायऱ्यांसारखी तिरपी चढत गेलेली भेग, किंवा विटांनाच चिरत गेलेला तडा, हा झिजेचा नसून भिंत हलल्याचा पुरावा असतो. अशा भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक खुणा करून त्यांमधले अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवावे आणि काही महिने, शक्य तर ओला आणि कोरडा असे दोन्ही ऋतू, ते पुन्हा पुन्हा मोजावे. अंतर वाढत असेल, किंवा भिंत फुगलेली अथवा ओळंब्यातून बाहेर गेलेली दिसत असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय दरजांना हात लावू नये.

जुना माल ओळखणे

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे असले तरी त्याचा सर्रास वापर सुरू व्हायला पुढे बराच काळ जावा लागला, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आधीच्या बहुतेक विटकामात चुन्याचाच माल सापडतो. चुन्याचा माल सहसा पांढरट किंवा फिकट पिवळसर असतो, नखाने किंवा खिळ्याने खरवडला जातो आणि त्यात न मिसळलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. सिमेंटचा माल करडा असतो, खिळ्याला दाद देत नाही आणि तुटतो तेव्हा कडक आवाज करून तुटतो.

भिंतीच्या आतल्या, न झिजलेल्या भागातून मालाचा एक खडा काढून त्याचा भुगा करावा आणि काचेच्या भांड्यात त्यावर सौम्य आम्ल घालावे. हे करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. फेस यायचा थांबल्यावर पाणी ओतून टाकले की तळाशी वाळू उरते. तिचा रंग, कणांचा आकार आणि जाड-बारीक कणांचे प्रमाण पाहून तिच्याशी जुळणारी वाळू शोधता येते. मात्र नुसता फेस आला म्हणून माल चुन्याचाच आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण सिमेंटच्या जुन्या मालालाही फेस येतो. शिवाय वाळूत शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळून जातात.

मालाचे प्रमाण

जुन्या, मऊ विटांच्या भिंतीला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे मापाने घेतलेले प्रमाण बहुधा योग्य ठरते. त्यामागचे कारण साधे आहे. कोरड्या वाळूच्या कणांमधली पोकळी ढोबळ मानाने तिच्या एकूण आकारमानाच्या एक तृतीयांश असते आणि चुन्याने ती पोकळी भरून निघावी लागते. भिजवून मुरवलेल्या चुन्याचा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. सतत ओली राहणारी किंवा पावसाच्या थेट माऱ्यातली भिंत असेल तर पाण्याच्या सान्निध्यातही घट्ट होणारा जलकठीण चुना घ्यावा, पण त्याच्या उपलब्ध प्रतींपैकी सौम्य प्रत निवडावी. सिमेंटच्या मालात बांधलेल्या अलीकडच्या, टणक विटांच्या भिंतीला एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे मिश्रण चालते. विटा मध्यम कठीण असतील तर एक, दोन आणि नऊ असे घ्यावे. एकास तीन सिमेंट-वाळूचा कडक माल दरजांसाठी मी कोणत्याही जुन्या भिंतीला सुचवणार नाही.

माल कसा वठेल हे वाळूवर फार अवलंबून असते. वाळू स्वच्छ, कंगोरेदार कणांची आणि जाड-बारीक कण मिसळलेली असावी. सर्वांत मोठा कण दरजेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठा नसावा. समुद्राची वाळू तिच्यातल्या क्षारांमुळे वापरू नये. काचेच्या उभ्या बरणीत निम्म्यापर्यंत वाळू घालून वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकावे, बरणी जोरात हलवून काही तास स्थिर ठेवावी. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या सुमारे ८ टक्क्यांहून जाड असेल तर वाळू धुऊन घ्यावी. ओलसर वाळू फुगते आणि तिचे आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, त्यामुळे कोरड्या वाळूचे माप धरून ओली वाळू मोजली तर माल नकळत चुन्याचा किंवा सिमेंटचा जड होतो. माप घमेल्याच्या अंदाजाने न घेता लहान पेटीने किंवा बादलीने, काठोकाठ सपाट करून घ्यावे.

रंग जुळवायचा असेल तर तो शक्यतो वाळूनेच जुळवावा. रंगद्रव्य घालावेच लागले तर खनिज ऑक्साइडचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांवर आणि काजळीचे २ टक्क्यांवर जाऊ देऊ नये, नाहीतर माल कमजोर होतो. नमुन्याच्या दोन-तीन दरजा आडबाजूला भरून त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच निर्णय घ्यावा, कारण ओला माल नेहमी गडद दिसतो. तुलना करताना धूळ बसलेल्या जुन्या दरजेशी न करता, धुतलेल्या किंवा ताज्या तोडलेल्या जुन्या मालाशी करावी.

माल किती लागेल याचा हिशेब आधी मांडता येतो. दरजेसह विटेचे तोंड २०० बाय १०० मिलिमीटर धरले तर एका चौरस मीटरमध्ये ५० विटा येतात. आडव्या दरजांची लांबी सुमारे १० मीटर आणि उभ्या दरजांची ४.५ मीटर होते. दरज १० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल कोरली तर चौरस मीटरला साधारण ३.६ लिटर माल बसतो. सांडलवंड धरून साडेचार लिटर धरावे.

दरजा कोरणे

या कामात सर्वांत जास्त वेळ कोरण्यात जातो आणि विटांचे सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते, म्हणून घाई इथे अजिबात करू नये. दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल कोरावे. १० मिलिमीटरच्या दरजेसाठी २० ते २५ मिलिमीटर. त्या खोलीवरही माल भुसभुशीत लागला तर घट्ट माल लागेपर्यंत आत जावे. याहून उथळ कोरलेल्या दरजेत नवा माल नुसता चिकटवल्यासारखा बसतो आणि पट्टीसारखा सुटून येतो.

छिन्नीचे पाते दरजेपेक्षा अरुंद असावे, म्हणजे ठोकताना ते दोन विटांत पाचरीसारखे अडकत नाही. छिन्नी भिंतीत सरळ काटकोनात मारू नये. ती दरजेच्या दिशेने तिरपी धरून, आधी जिथे माल निघाला आहे त्या मोकळ्या बाजूकडे मालाचे तुकडे पाडत जावे. हातोडा हलका असावा. ठोक्याचा आवाज ऐकत राहिले की हाताला सवय होते: सुटलेल्या मालावर आवाज बद्द येतो, आणि छिन्नी विटेला भिडली की तो एकदम टणक होतो. तो ऐकू येताच हात थांबला पाहिजे. चुन्याच्या मऊ मालासाठी बहुधा छिन्नीचीही गरज पडत नाही, वाकवलेल्या टोकाचा लोखंडी आकडा पुरतो.

ग्राइंडरने काम लवकर होते, पण पाते किंचित सरकले तरी विटेच्या कडेला कायमचा खाचा पडतो. सिमेंटच्या कडक आडव्या दरजेच्या बरोबर मधोमध एक चीर पाडून, तिच्या वरचा आणि खालचा माल छिन्नीने आतल्या बाजूला पाडणे, एवढ्यापुरता तो अनुभवी माणसाने वापरावा. उभ्या दरजा आखूड असतात आणि ग्राइंडरचे पाते वरच्या व खालच्या विटांत घुसते, म्हणून त्या हातानेच कोराव्यात. कोरलेल्या दरजेचा आतला भाग सपाट आणि चौकोनी असावा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता खाचा ठेवला तर माल धरत नाही.

कोरताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. साधा रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन ९५ किंवा त्याहून चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, डोळ्यांना बंदिस्त चष्मा आणि ग्राइंडर असेल तर कानांना संरक्षण हवे. चुना आणि सिमेंट दोन्ही त्वचेला भाजतात, म्हणून पुढच्या कामात रबरी हातमोजे घालावेत, आणि डोळ्यात कण गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे. उंचीवरचे काम शिडीवर तोल सांभाळत न करता पक्क्या परांचीवर उभे राहून करावे.

भिंतीचा माथा आधी आणि पायथा शेवटी, या क्रमाने जावे, म्हणजे वरचा कचरा खाली भरलेल्या दरजांवर पडत नाही. एका वेळी मोठा भाग उकलून ठेवू नये. पातळ भिंतीत तर एक-दोन चौरस मीटर कोरून, भरून मगच पुढे जावे. एखादी वीट हलू लागली तर ती काढून, साफ करून, भिजवून पूर्ण मालात पुन्हा बसवावी. कोरून झाल्यावर दरजेतली सगळी धूळ ब्रशने आणि मग पाण्याच्या हलक्या धारेने काढावी, कारण धुळीवर लावलेला माल भिंतीला धरत नाही.

भरण्याआधी एक गोष्ट तपासावी. काही भिंतींत पाणी बाहेर पडण्यासाठी ठरावीक अंतरावर उभ्या दरजा मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या बुजवू नयेत. भिंतीच्या प्रसरणासाठी ठेवलेली उभी फटही मालाने भरायची नसते, तिच्यात लवचीक सीलंटच हवे.

भिजवणे आणि भरणे

कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि माल जागच्या जागी भुसभुशीत होतो. म्हणून आदल्या दिवशी आणि भरण्याच्या काही वेळ आधी भिंत फवाऱ्याने भिजवावी. दरज ओलसर, गडद दिसली पाहिजे, पण तिच्यात पाणी चमकता कामा नये. ओघळणारे पाणी मालाची पकड सोडवते.

दरजांचा माल बांधकामाच्या मालापेक्षा बराच घट्ट असतो. मुठीत दाबला की गोळा व्हावा, फुटू नये आणि तळव्याला चिकटून ओला पट्टाही सोडू नये. सिमेंट-चुन्याच्या मालात आकुंचनाच्या चिरा कमी पडाव्यात यासाठी एक जुनी रीत फार उपयोगी आहे: कोरडे मिश्रण नीट कालवून त्यात जेमतेम गोळा होईल इतकेच पाणी घालावे, ते तासभर झाकून ठेवावे आणि मग उरलेले थोडे पाणी घालून वापरायला घ्यावे. सिमेंट असलेला माल त्यानंतर तासा-दीड तासात संपवावा आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये. नुसत्या मुरवलेल्या चुन्याचा माल मात्र हवाबंद झाकून ठेवला तर बराच काळ टिकतो, आणि नुसते पुन्हा मळले की तो परत मऊ होतो.

माल हाताच्या छोट्या फळीवर घेऊन ती फळी दरजेच्या लगेच खाली भिंतीला टेकवावी आणि दरजेपेक्षा अरुंद थापीने माल मागे ढकलत जावा. आधी ज्या जागा इतरांपेक्षा खोल गेल्या आहेत त्या भरून सगळ्या दरजा एका खोलीवर आणाव्यात. मग सुमारे ६ मिलिमीटरचा एकेक थर दाबून भरावा, आणि खालचा थर अंगठा दाबल्यावर फार रुतणार नाही इतका घट्ट झाल्यावरच पुढचा चढवावा. सगळी खोली एका दमात भरली तर माल सुकताना आक्रसतो आणि विटेपासून सुटतो. थर नुसता लावून चालत नाही, तो दाबला गेला पाहिजे. मागे पोकळी राहिली तर तिथेच पाणी साठते. माझ्या पद्धतीत उभ्या दरजा आधी आणि आडव्या नंतर येतात, कारण मग आडवी दरज सलग ओढता येते आणि जोडाचे ठिकाण दिसत नाही.

तोंड साधणे

शेवटचा थर भरल्यावर लगेच घोटू नये. अंगठ्याने दाबले असता ठसा उमटावा पण माल बोटाला लागू नये, ही घोटण्याची वेळ. त्याआधी घोटले तर पाणी आणि चुना वर येऊन पृष्ठभागावर फिकट, ठिसूळ साय धरते. उशीर झाला तर माल दबत नाही आणि लोखंडाचे काळे डाग पडतात. गोल पाइपाच्या तुकड्याने किंवा घोटणीने काढलेली किंचित अंतर्गोल दरज पाणी सर्वांत चांगले झटकते आणि घोटताना मालही दाबून बसतो. पावसाच्या माऱ्यातल्या भिंतीवर खोल आत दबलेली दरज ठेवू नये, कारण खालच्या विटेच्या वरच्या काठावर पाणी थांबते.

जुन्या विटांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. अशा ठिकाणी माल विटेच्या तोंडापर्यंत आणला तर तो कडांवर पसरून दरज मूळच्या दुप्पट रुंद दिसते आणि त्याची पातळ कड पुढे उडून जाते. माल किंचित आत ठेवून दरजेची मूळ रुंदी राखावी. चुन्याच्या मालावर घोटणीऐवजी ताठ केसांच्या ब्रशने टिपून टिपून ठोकले, म्हणजे ब्रश फिरवला नाही, तर वरची साय निघते, वाळूचे कण उघडे पडतात आणि हवा आत पोचायला मदत होते.

विटांवर पडलेला माल ओला असताना पुसू नये, तो विटेच्या छिद्रांत शिरतो. तो अर्धवट सुकल्यावर लाकडी पट्टीने आणि ताठ नैसर्गिक केसांच्या ब्रशने काढावा. डाग घालवण्यासाठी आम्ल वापरू नये, विशेषतः चुन्याच्या मालावर, कारण ते नव्या दरजाच खाते.

भरल्यानंतरची निगा

तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याची शक्यता असेल तर काम पुढे ढकलावे. कडक उन्हात भिंतीच्या सावलीतल्या बाजूने काम सुरू करून सूर्याबरोबर सरकत जावे. भरलेल्या भागासमोर ओले गोणपाट भिंतीला न चिकटवता थोडे दूर टांगावे, आणि वरून पावसाचे थेट पाणी लागू नये अशी आडोशाची व्यवस्था करावी. सिमेंट असलेल्या दरजांना किमान सात दिवस दिवसातून काही वेळा बारीक फवारा द्यावा. जोराची धार मारू नये.

चुन्याच्या दरजांना याहून जास्त दिवस लक्ष द्यावे लागते. कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होण्यासाठी त्यांना ओल आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण सुकल्या तर क्रिया थांबते आणि सतत चिंब राहिल्या तर हवा आत जात नाही. म्हणून ओल्या आणि सुकत्या अवस्थेत त्यांना आलटून पालटून राहू द्यावे, आणि पहिले एक-दोन आठवडे तरी रोज पाहणी करावी. घट्टपणा बाहेरून आत महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतक्या सावकाश सरकतो, त्यामुळे आठवड्यानंतरही किल्लीने रेघ उमटली म्हणून काम बिघडले असे समजू नये. पहिल्या काही दिवसांत केसासारख्या चिरा दिसल्या तर दरज किंचित ओली करून घोटणीने पुन्हा दाबावी. माल अजून कोवळा असेल तर त्या मिटतात.

पहिल्या मोठ्या पावसानंतर भिंत सुकताना तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहावे. काम जमले असेल तर दरजा विटांच्या नंतर सुकतात, म्हणजे ओल त्यांच्यातून बाहेर पडते आहे. एखाद्या पट्ट्यात मात्र दरजा कोरड्या आणि विटा काळपट ओल्या राहिल्या, तर तिथला माल विटेपेक्षा घट्ट झाला आहे, आणि तो अजून पूर्ण कडक व्हायच्या आत कोरून पुन्हा भरणे सोपे असते.